वाईट बातमी तुम्हाला कधी कळली?

डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, म्हणून थोडक्यात त्यांच्याच शब्दांत देते (टायटल कंपनी म्हणजे घराची मालकी तपासून तिचा विमा देणारी कंपनी, एस्क्रो ऑफिसर म्हणजे तिथे व्यवहाराचे पैसे आणि कागद सांभाळणारी अधिकारी, आणि क्लोजिंग म्हणजे सह्या होऊन घर हाती येण्याचा दिवस):

'ताई, मी सहा वर्षं टेक्सासमध्ये रिअल इस्टेट एजंट आहे. ग्राहक बहुतेक आपलेच, मराठी आणि तेलुगू. पहिल्या दिवसापासून सगळ्या फाइल्स एकाच टायटल कंपनीत देते, कारण तिथल्या एस्क्रो ऑफिसरने मला हाताला धरून शिकवलं. पण या वर्षी दोन क्लोजिंग पुढे ढकलावी लागली. एकात बायर पाटील होते. काउंटीत कुठल्या तरी दुसऱ्याच पाटलांवर कोर्टाचं जजमेंट (देणं फेडण्याचा हुकूम) निघालं आणि "तो मी नव्हे" असं ॲफिडेव्हिट क्लोजिंगच्या दिवशी सकाळी मागितलं गेलं. सामान ट्रकमध्ये होतं. दुसऱ्यात घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, पण बायकोची सही लागेल हे दोन दिवस आधी कळलं आणि त्या बाई स्वतःच्या आईच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेलेल्या. दोन्ही कुटुंबं माझ्यावर नाराज आहेत. इकडे एक नवी टायटल कंपनी मागे लागली आहे. माझ्या जाहिरातीच्या पोस्टकार्डांचा खर्च उचलते म्हणतात, पुढे भागीदारीही देऊ म्हणतात. तिकडे आमच्या ब्रोकरची, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी एजंट आहे त्यांची, स्वतःची टायटल कंपनी आहे आणि "घरचं सोडून बाहेर कशाला?" असं ते दर मीटिंगला विचारतात. मी बदलू का? आणि बदलायचं तर कशावरून ठरवू? पुण्याला परत गेलेल्या एका जोडप्याचं फ्रिस्कोतलं घर सप्टेंबरमध्ये विकायला काढायचं आहे. तिथे पुन्हा तोंडघशी पडायचं नाही.'

पत्र दोनदा वाचलं. मी स्वतः एकवीस वर्षं एस्क्रोच्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत काढली आहेत, त्यामुळे तुमच्या त्या ऑफिसरबाईंच्या जागी स्वतःला बघणं मला अवघड नाही. म्हणून आधी माझी एक चूक सांगते.

एका विक्रीत सेलरची जुनी होम इक्विटी लाइन, म्हणजे घर तारण ठेवून घेतलेलं कर्जखातं, होती. कर्ज त्यांनी केव्हाच फेडलं होतं, पण 'खातं बंद करा' असं लेखी दिलं नव्हतं. त्यामुळे बँकेने रिलीज, म्हणजे बोजा उतरल्याचा कागद, नोंदवलंच नव्हतं आणि काउंटीच्या दप्तरी लीन, म्हणजे घरावरचा तो बोजा, अजून जिवंत होतं. मला हे सोमवारी दिसलं. क्लोजिंग शुक्रवारी. मनात म्हटलं, दोन दिवसांत बँकेकडून कागद काढून घेऊ, एजंटला उगाच कशाला घाबरवायचं? बँकेने दाद दिली नाही. गुरुवारी दुपारी चार वाजता मी एजंटला फोन केला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, 'सोमवारी सांगितलं असतंस तर सेलर मंगळवारी स्वतः शाखेत जाऊन उभे राहिले असते.' क्लोजिंग पुढच्या बुधवारी झालं. त्यानंतर तिने मला एकही फाइल दिली नाही आणि माझ्या मते तिने योग्यच केलं. मी काम हयगयीने केलं नव्हतं. मी तिचे तीन दिवस तिला न विचारता खर्च केले होते.

माझा सगळा सल्ला या गोष्टीवर उभा आहे. टायटलमध्ये अडचण निघणं हा कंपनीचा दोष नाही. अडचण शोधायलाच तर आपण तिला नेमतो. तिची परीक्षा होते ती अडचण कळल्यापासून तुमच्या कानावर येईपर्यंत किती वेळ गेला यावर.

तेव्हा एका संध्याकाळी शांतपणे बसा आणि गेल्या दहा फाइल्स काढा. प्रत्येक फाइलमध्ये तीन तारखा शोधा. कंपनीला अडचण पहिल्यांदा कधी दिसली, तुम्हाला कधी सांगितली आणि तुम्ही ग्राहकाला कधी सांगितली. पहिली तारीख बहुतेक वेळा टायटल कमिटमेंटवरच, म्हणजे विमा कोणत्या अटींवर देऊ हे सांगणाऱ्या कागदावरच, सापडते. आपल्या नेहमीच्या घरखरेदीच्या करारात, कराराची प्रत मिळाल्यापासून वीस दिवसांत कमिटमेंट द्यायची असते आणि त्या कागदावर तारीख छापलेली असते. शेड्यूल ए मध्ये मालकी कोणाच्या नावावर आहे ते, बी मध्ये पॉलिसीत कशाकशाची भरपाई मिळणार नाही ते आणि सी मध्ये क्लोजिंगच्या आधी काय काय निस्तरायला हवं ते. दोन्ही क्लोजिंग जिथे अडली ती जागा शेड्यूल सी आहे. मला आता खरं सांगा, तुम्ही ते दोन्ही शेड्यूल सी उघडून वाचले होते का?

मी हे टोमणा म्हणून विचारत नाही. पाटलांच्या बाबतीत मी कंपनीला धारेवर धरेन. बायरच्या नावावर जजमेंट आहे का हा शोध सुरुवातीलाच होतो. पाटील, जोशी, कुलकर्णी, शिंदे ही नावं आता उत्तर टेक्सासमध्ये दुर्मिळ राहिलेली नाहीत, आणि मधलं नाव वडिलांचं असल्यामुळे कधी ते पूर्ण लिहिलं जातं, कधी नुसतं आद्याक्षर, कधी वगळलंच जातं. नावाचा गोंधळ निघणारच. चांगली ऑफिसर कमिटमेंट पाठवतानाच ॲफिडेव्हिटचा कोरा नमुना सोबत जोडते आणि 'आजच भरून पाठवा, पाच मिनिटांचं काम आहे' म्हणते. क्लोजिंगच्या सकाळी ते मागणं म्हणजे फाइल आदल्या रात्रीपर्यंत कोणी उघडलीच नव्हती.

नागपूरच्या बाईंच्या बाबतीत मात्र निम्मा दोष तुमच्याकडे येतो आणि तो घ्यायलाच हवा. टेक्सासमध्ये राहतं घर विकताना, डीडवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, नाव एकाचंच असलं तरी नवरा-बायको दोघांची सही लागते. होमस्टेडचा, म्हणजे राहत्या घराच्या संरक्षणाचा, नियमच तसा आहे. लिस्टिंगच्या पहिल्या भेटीत चहा घेतानाच विचारायचा प्रश्न आहे हा: 'डीडवर कोण कोण आहे? लग्न झालंय का? येत्या दोन महिन्यांत दोघंही इथेच आहात ना?' कंपनीने शेड्यूल सी मध्ये 'पत्नीची सही आवश्यक' असं बहुतेक लिहिलंही असेल. लिहिलं असेल तर तुम्ही वाचलं नाही. लिहिलं नसेल तर कंपनी चुकली. तो कागद काढून बघितल्याशिवाय कोणावरही ठपका ठेवू नका.

दहा फाइल्स चाळताना आणखी दोन गोष्टी पाहा. एक, अर्नेस्ट मनी (इसारा) आणि ऑप्शन फी (माघारीच्या हक्कासाठी बायर देतो ते शुल्क) मिळाल्याची पावती किती तासांत आली. २०२१ पासून ऑप्शन फीसुद्धा टायटल कंपनीकडेच जाते आणि करार लागू झाल्यापासून तीन दिवसांत ती पोचली नाही तर बायरचा बिनशर्त माघार घेण्याचा हक्क जातो. पैसे वेळेत पोचल्याचा पुरावा म्हणजे ती पावती. पावतीसाठी तुम्हाला दोन-दोन फोन करावे लागत असतील तर ते लिहून ठेवा. दुसरी गोष्ट फारच थोडे एजंट करतात, पण मला ती सगळ्यात बोलकी वाटते. वर्ष-दीड वर्षापूर्वी झालेल्या तीन फाइल्स घ्या आणि काउंटी क्लार्कच्या संकेतस्थळावर ती घरं शोधा. सेलरचं जुनं कर्ज क्लोजिंगला फेडलं होतं, त्याचं रिलीज नोंदवलं गेलं आहे का? क्लोजिंगच्या दिवशी हसून किल्ल्या देणारे खूप असतात. त्या दिवसानंतरचं काम कोणाला दिसत नाही. तुमचा बायर पाच वर्षांनी घर विकायला निघेल तेव्हा ते रिलीज नसेल तर त्याला धावाधाव करावी लागेल आणि तो तुम्हालाच फोन करेल.

आता पैशांचं. इतर राज्यांतल्या एजंटांना टायटल कंपन्यांचे दर ताडून पाहावे लागतात, आपल्याकडे तो प्रश्न निम्मा सुटलेला आहे. टेक्सासमध्ये टायटल पॉलिसीचा प्रीमियम राज्याचं विमा खातं ठरवतं. तीच पॉलिसी या कंपनीत घ्या नाहीतर त्या कंपनीत, आकडा तोच. कोणी 'आम्ही स्वस्तात देतो' म्हणालं तर ते एस्क्रो फी आणि किरकोळ आकारांबद्दल बोलत असतील, एवढं समजून घ्या आणि ते आकार लेखी मागा. प्रीमियम सारखाच असल्यामुळे कंपन्यांमध्ये फरक उरतो तो माणसांचा, वेळेचा आणि सचोटीचा. म्हणूनच तर तुमच्या मागे पोस्टकार्डं घेऊन लोक लागतात.

त्या पोस्टकार्डांबद्दल मला जरा कडक बोलायचं आहे. ग्राहक पाठवण्याच्या बदल्यात कोणतीही मोलाची वस्तू देणं किंवा घेणं, दोन्ही रेस्पा या १९७४ च्या केंद्रीय कायद्याच्या आठव्या कलमाने गुन्हा ठरतं. दहा हजार डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद, शिवाय ग्राहकाने भरलेल्या शुल्काच्या तिप्पट भरपाई. देणारा आणि घेणारा दोघंही सापडतात. टेक्सासच्या विमा खात्याचे स्वतःचे नियम आहेत ते वेगळेच. कंपनीने सगळ्या एजंटांसाठी वर्ग घेतला, तिथे सँडविच दिलं, तिच्या नावाचं पेन दिलं, यात गैर काही नाही. पण तुमच्या धंद्याचा जो खर्च तुम्ही स्वतः केला असता, म्हणजे तुमची पोस्टकार्डं, तुमच्या ओपन हाउसचं जेवण, तुमच्या जाहिराती, तो त्यांनी उचलला की रेषा ओलांडली. 'सगळेच घेतात' हे मी एकवीस वर्षं ऐकलं. लायसन्सवर तुमचं नाव आहे, सगळ्यांचं नाही.

भागीदारीचं आमिष याहून नाजूक. मालकीतला हिस्सा असणं कायद्याने बंद नाही. मात्र त्या हिश्शातून मिळणारा परतावा गुंतवलेल्या पैशांवर असायला हवा, पाठवलेल्या फाइल्सवर नव्हे. 'जितक्या फाइल्स तितका वाटा' अशी मांडणी कोणी केली तर चहा संपवा आणि उठा. मांडणी त्याहून सभ्य वाटली तरी सही करण्याआधी रेस्पा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. त्यांच्या वकिलाला नको, तुमच्या.

ब्रोकरच्या कंपनीबद्दल माझं मन तितकं वाईट नाही. ब्रोकरची मालकी असलेल्या कंपन्या चांगलं काम करतातही. पण तुम्ही ग्राहकाला तिथे पाठवता तेव्हा, किंवा त्याआधीच, मालकीचा संबंध सांगणारा कागद ग्राहकाच्या हातात पडला पाहिजे आणि तिथेच जा अशी सक्ती करता येत नाही. एक सोपी गोष्ट करा. कमिटमेंटमधलं शेड्यूल डी वाचा. कंपनीचे मालक कोण, अधिकारी कोण, प्रीमियममधला किती भाग कोणाकडे जातो, हे टेक्सासमध्ये तिथे छापावं लागतं. ब्रोकर पुन्हा 'घरचं सोडून बाहेर कशाला' म्हणाले तर सांगा, 'ग्राहकाला पर्याय दाखवते, तुमचंही नाव त्यात असेल.' मग त्यांच्या कंपनीच्याही दहा फाइल्सच्या तारखा मागा. देणारे देतात.

ही निवड मुळात तुमची नाहीच, ती बायरची आणि सेलरची आहे. टायटल कंपनी करारात लिहिली जाते आणि ते दोघं मिळून ठरवतात. आपले लोक मात्र सगळं तुमच्यावर सोडतात, 'तुम्ही सांगाल ती' म्हणतात. त्यांना बहुतेकदा टायटल कंपनी म्हणजे काय हेच माहीत नसतं. पुण्यात फ्लॅट घेताना त्यांनी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतलेला असतो, सातबारा आणि इंडेक्स टू पाहिलेला असतो. मी त्यांना असं सांगायचे: तो वकील शोध घेऊन मत देतो. इथे कंपनी शोध घेते, मत देते आणि ते मत चुकलं तर पैसेही भरते. या धंद्याचा जन्मच अशा चुकलेल्या मतातून झाला आहे. पेनसिल्व्हेनियात एका खरेदीदाराने मध्यस्थाच्या भरवशावर मालमत्ता घेतली आणि त्याच्या पदरी दुसऱ्याचं जजमेंट आलं. १८६८ मध्ये कोर्टाने म्हटलं, मध्यस्थाने वकिलाच्या मतावर विसंबून काम केलं, तो जबाबदार नाही. खरेदीदाराचे पैसे बुडाले. आठ वर्षांनी, १८७६ मध्ये, फिलाडेल्फियात पहिली टायटल विमा कंपनी निघाली. ग्राहक जो भरवसा तुमच्यावर टाकतो त्याची किंमत त्या खरेदीदाराने मोजली होती. म्हणून हा निवाडा मला कायम आठवतो.

भरवशावरून आणखी एक, आणि याबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही. वायरची माहिती, म्हणजे बँकेतून पैसे कोणत्या खात्यात पाठवायचे ती. क्लोजिंगच्या आठवड्यात बायरच्या ईमेलवर हुबेहूब टायटल कंपनीसारखं दिसणारं पत्र येतं, 'आमचं खातं बदललं आहे, पैसे इथे पाठवा.' डाउन पेमेंट एका दुपारी नाहीसं होतं. तुमच्या सध्याच्या कंपनीला आणि नव्या कंपनीला हा एकच प्रश्न विचारा: वायरची माहिती तुम्ही बायरपर्यंत कशी पोचवता? उत्तर 'साध्या ईमेलने पीडीएफ' असं असेल तर माझ्या लेखी ती कंपनी बाद. सुरक्षित पोर्टल हवं. पहिल्याच दिवशी बायरला 'आमचं खातं कधीही बदलणार नाही, पाठवण्याआधी आम्हाला फोन करा' असं लेखी आणि तोंडी सांगायला हवं. आणि तुम्ही स्वतः वायरची माहिती कधीही पुढे फॉरवर्ड करू नका, ग्राहकाने हात जोडले तरी. कंपनीचा नंबर ईमेलमधून घ्यायचा नाही, आधीपासून माहीत असलेल्या जागेवरून घ्यायचा आणि मगच फोन करायचा. तरीही घोटाळा झालाच तर पहिला फोन बँकेला, त्याच तासाला. मग एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर पैसे परत मिळण्याची आशा फार कमी उरते.

आता तुमच्या जुन्या ऑफिसरबद्दल. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख पाच वेळा केला आहे आणि प्रत्येक वेळी 'तिने मला शिकवलं' असं म्हटलं आहे. हे ओझं मला कळतं. तिने शिकवलं त्याचं ऋण आहेच, पण ते पाटलांनी फेडायचं नाही. नागपूरला आईच्या उशाशी बसलेल्या बाईंनी तर मुळीच नाही. तुमचं ऋण तुम्ही फेडा. ते फेडायची पहिली पायरी म्हणजे तिच्याशी उघड बोलणं. मला त्या एजंटने 'सोमवारी सांगितलं असतंस तर' हे वाक्य ऐकवलं नसतं, तर मी तीच चूक पुढे दहा वर्षं करत राहिले असते. तिने मला फाइल दिली नाही, पण कारण दिलं. तुम्ही कारण न देता हळूहळू फाइल्स दुसरीकडे वळवल्यात तर तुमच्या शिक्षिकेला काहीच शिकायला मिळणार नाही.

तेव्हा तिला जेवायला नेऊ नका, तिच्या ऑफिसात जा, दोन्ही फाइल्सच्या प्रती घेऊन. दार लावून विचारा, 'पाटलांचं जजमेंट तुमच्याकडे कधी दिसलं? मला त्या दिवशी का नाही कळलं?' आणि ऐका. कदाचित तिच्या कंपनीने शोधाचं काम बाहेरच्या केंद्राकडे दिलं असेल आणि तिच्यापर्यंतच उशिरा येत असेल. कदाचित दोन सहायक सोडून गेल्या असतील आणि ती एकटी महिन्याला चाळीस फाइल्स ओढत असेल. कारण कंपनीचं निघालं तर माणूस चांगला आणि जागा वाईट, असं मानून तिच्यावर लक्ष ठेवा. चांगल्या एस्क्रो ऑफिसर जागा बदलतात आणि शहाणे एजंट त्यांच्या मागून जातात. कारण तिचं स्वतःचं निघालं आणि तिने ते मान्य केलं, तर एक नियम ठरवून घ्या: शेड्यूल सी मध्ये नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं की त्याच दिवशी फोन, ईमेल नाही. सोबत तुमच्याकडूनही एक वचन द्या. करार पाठवताना डीडवरची नावं, लग्नाची माहिती, जुनी कर्जं, घराचा जुना सर्व्हे (मोजणीचा नकाशा) आणि एचओएचा (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाचा) संपर्क, सगळं पहिल्या दिवशी. मी खुर्चीत असताना अर्ध्या एजंटांचा करार तीन पानं गायब असलेला यायचा आणि वर 'अर्जंट' लिहिलेलं असायचं. उशीर दोन्ही बाजूंनी होतो.

आणि तिने 'असं होतंच गं कधी कधी' म्हणून हात झटकले, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिनेच दिलं.

आता पुण्याच्या जोडप्याची फाइल. तुमची परीक्षा घेणारी फाइल हीच आहे, आणि दोन्ही कंपन्यांचीही. इथे चार गोष्टी एकत्र येतात. पहिली फर्प्टा, परदेशी सेलरबद्दलचा केंद्रीय कर कायदा. सेलर 'परदेशी व्यक्ती' असेल तर विक्रीच्या किमतीतली रक्कम कापून आयआरएस या केंद्रीय कर खात्याला पाठवायची जबाबदारी बायरवर येते. घर ६,२०,००० डॉलरला गेलं आणि बायर स्वतः राहणार असेल तर दहा टक्के, म्हणजे ६२,००० डॉलर. बायर गुंतवणूकदार असेल तर पंधरा टक्के, ९३,०००. नफा किती झाला याच्याशी या कपातीचा संबंध नाही, ती पूर्ण किमतीवर होते. जोडप्याने हा आकडा क्लोजिंगच्या टेबलावर पहिल्यांदा ऐकला तर ते तुम्हाला जन्मभर विसरणार नाहीत. कपात कमी करण्यासाठी ८२८८-बी हा अर्ज असतो, पण तो क्लोजिंगच्या दिवसापर्यंत गेला पाहिजे आणि उत्तराला साधारण तीन महिने लागतात. तोपर्यंत पैसे कोण धरून ठेवणार, आठ हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी नंबरचा फॉर्म कोण भरणार, हे प्रत्येक टायटल कंपनीत वेगळं असतं. काही कंपन्या सगळं हाती घेतात, काही 'सीपीएला (करसल्लागाराला) विचारा' म्हणून मोकळ्या होतात. कर किती बसेल हे तुम्ही सांगू नका, दोन्ही देशांचा कर जाणणाऱ्या सीपीएकडे त्यांना आत्ताच पाठवा.

दुसरी गोष्ट सह्या. उन्हाळ्यात डॅलसच्या सकाळी साडेआठ वाजता पुण्यात संध्याकाळचे सात असतात. ऑनलाइन नोटरी टेक्सासने २०१८ पासून मान्य केली आहे आणि सही करणारा परदेशात असला तरी चालतं. पण ओळख पटवण्यासाठी जे प्रश्न विचारतात ते अमेरिकेतल्या क्रेडिटच्या इतिहासावरचे असतात, आणि प्रत्येक लेंडर ते मान्य करत नाही. नाहीतर मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये नोटरी, किंवा भारतातल्या नोटरीपुढे सही करून अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का. इथल्या कोणाला मुखत्यारपत्र द्यायचं ठरलं तर मसुदा टायटल कंपनीने आधी मंजूर करावा आणि मूळ प्रत कुरियरने यावी, काउंटीत नोंदवायला तीच लागते. पुण्यात कोणाच्या ओळखीच्या वकिलाने आपल्या पद्धतीने केलेलं मुखत्यारपत्र इथे परत आलेलं मी इतक्यांदा पाहिलं आहे की सांगायची सोय नाही.

तिसरी नावं. डीडवर बाईंचं लग्नानंतरचं नाव आणि पासपोर्टवर माहेरचं, किंवा लग्नात पहिलं नावच बदललेलं. आपल्यात ते घरोघरी आहे आणि इथल्या टायटल परीक्षकाला ते समजावून सांगावं लागतं. चौथी गोष्ट तोतया सेलर. मालक परदेशात, घर किंवा प्लॉट रिकामा, कर्ज फिटलेलं, अशा मालमत्ता हेरून मालक असल्याचा बहाणा करत विकणारे लोक आहेत. तुमचे सेलर खरे आहेत हे तुम्हाला माहीत आहे, कंपनीला नाही. ती ओळख कशी पडताळते ते पाहा. तुम्ही दिलेल्याच नंबरवर फोन करून समाधान मानते, की स्वतंत्रपणे माहिती काढून खातरजमा करते? या प्रश्नांनी सेलर वैतागले तर त्यांना सांगा की हीच काळजी उद्या त्यांचं घर त्यांच्या नकळत विकलं जाण्यापासून वाचवते.

म्हणून या आठवड्यात असं करा. आधी एका सकाळी साडेआठला पुण्याला फोन लावून सगळी माहिती स्वतःकडे लिहून घ्या. मग आधी तुमच्या जुन्या ऑफिसरला आणि नंतर नव्या कंपनीच्या ऑफिसरला, पोस्टकार्डं देणाऱ्या सेल्सवाल्याला नाही, एकच निरोप द्या: 'फ्रिस्कोतलं घर आहे, मालक नवरा-बायको दोघं दोन वर्षांपासून पुण्यात राहतात, सप्टेंबरमध्ये लिस्ट करायचं आहे. तुम्हाला काय काय लागेल?' एवढंच सांगा, बाकी काही नको, आणि उत्तर काय येतं ते बघा. एखादी म्हणेल, 'करार झाला की पाठवा, बघू.' एखादी त्याच दिवशी फोन करून विचारेल, 'दोघांचे पासपोर्ट कोणत्या देशाचे आहेत?' कारण पुण्यात राहत असूनही दोघं अमेरिकेचे नागरिक असतील तर फर्प्टाची कपात लागूच होत नाही, आणि भारतीय नागरिक असतील, ग्रीन कार्डही उरलं नसेल, तर आजपासूनच कामाला लागायला हवं. जिचा पहिला प्रश्न हा असेल, तिचं नाव घेऊन पुण्याच्या जोडप्याला फोन करा आणि सांगा की मी असते तर हिच्याकडे गेले असते, पण ठरवायचं तुम्ही.